डोक्याच्या हाडावरील गांठी : भीति आणि विवेक

गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटेची गोष्ट. आमच्या घरच्या रीतीप्रमाणें वडील वहिनी एकेकाच्या डोक्याला तेल लावीत होत्या. धाकट्या सूनबाईच्या, म्हणजे माझ्या पुतण्याच्या पत्नीच्या, डोक्याला तेल लावतांना त्यांचा हात तिच्या कपाळाच्या डाव्या बाजूस, केंसांच्या कडेपाशीं, एकाएकीं थांबला. तेथें सुपारीहून थोडा मोठा व न हलणारा असा उंचवटा हाताला लागला. ‘हें केव्हांपासून?’ असें त्यांनीं विचारतांच सूनबाई प्रथम कांहींच बोलेना. मग हळूच म्हणाली, ‘दोन वर्षें झालीं. काकांना तेव्हां विचारलें होतें.’

ते काका म्हणजे प्रस्तुत लेखक. मला तो प्रसंग आठवला. वर्तमानपत्रावरून मान वर न करतां मीं तिला ‘दुखतें का?’ असें विचारलें होतें. ती ‘नाहीं’ म्हणाली, आणि ‘मग हाड वाढलें असेल, राहूं दे’ असा निकाल मीं देऊन टाकला होता. त्यानंतर ती केंस कपाळावर ओढून विंचरूं लागली, ही गोष्ट घरांतील अकरा माणसांपैकीं एकाच्याही ध्यानांत आली नाहीं. पस्तीस वर्षें मुलांना ‘आधीं उदाहरण नीट वाच, मग उत्तर लिही’ असें शिकविणाऱ्या माणसानें उदाहरण न वाचतांच उत्तर लिहिलें होतें.

त्या दिवशीं घरांत दोन तट पडले. एकाचें म्हणणें, हा कर्करोगच. दुसऱ्याचें म्हणणें, लहानपणीं पडल्याची खूण आहे, लेप लावावा. पुढील कांहीं आठवड्यांत डॉक्टरांकडील खेपांत जें ऐकलें व पाहिलें, आणि नंतर वाचून पडताळून घेतलें, तें आपल्यासारख्या नांदत्या घरांतील वाचकांस उपयोगीं पडावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

प्राचीन नांव आणि अर्वाचीन दृष्टि

आपल्या प्राचीन वैद्यकास हा विकार अगदींच अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत ग्रंथि, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. चरकाच्या सूत्रस्थानांत अस्थिधातूच्या दुष्टीनें होणाऱ्या विकारांत ‘अध्यस्थि’, म्हणजे हाडावर चढलेलें अधिक हाड, असें नांव येतें. परंतु जिवंत माणसाच्या हाडाच्या आंत काय चाललें आहे हें पाहण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. १८९५ च्या नोव्हेंबरांत रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि तें साधन प्रथम हातीं आलें. पुढें १९७१ सालीं लंडनच्या विंबल्डन भागांतील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रानें रोग्याच्या डोक्याचीं, जणूं काय पातळ काप करून पाहावें अशीं, चित्रें प्रथमच घेतलीं गेलीं. या कार्याबद्दल हाउन्सफील्ड व कॉर्मॅक या दोघांना १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज कवटीच्या हाडाची परीक्षा मुख्यतः याच यंत्रावर अवलंबून आहे.

आतां या हाडाची घडण पाहूं. आपल्या कवटीचा घुमट एकाच जाड हाडाचा असतो अशी समजूत असते. ती बरोबर नाहीं. गृहिणींना पटेल असा दृष्टांत द्यावयाचा तर तो पुरणपोळीचा. वर एक कठीण पापुद्रा, खालीं दुसरा कठीण पापुद्रा, आणि मध्यें स्पंजासारखा, रक्तानें व मज्जेनें भरलेला थर. वरच्या पापुद्र्याच्या बाहेर डोक्याची त्वचा आणि खालच्या पापुद्र्याच्या आंत मेंदूचें वेष्टन. गांठ कोणत्या थरांतून उगवली आणि कोणत्या बाजूस वाढत आहे, यावर पुढील सर्व विचार अवलंबून असतो. वरच्या पापुद्र्यावरची गांठ कपाळाची शोभा बिघडवील. परंतु आंतल्या बाजूस वाढणारी गांठ बाहेरून मुळींच न दिसतां मेंदूवर दाब देऊं शकेल.

येथें ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गांठ सौम्य आहे याचा शास्त्रीय अर्थ एवढाच कीं, ती आपल्या जागींच वाढते. रक्तावाटे दूरच्या अवयवांत जाऊन तेथें आपलें बीज पेरीत नाहीं. सौम्य म्हणजे नेहमींच निरुपद्रवी असें नव्हे. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्यांत डोळ्यांच्या खोबणी आहेत, कानांचे मार्ग आहेत, आणि दृष्टीची नस जाण्यासाठीं एक अरुंद नळी आहे. अशा ठिकाणीं सौम्य गांठही उपद्रव करते. उलट, भयंकर दिसणारी एखादी गांठ जन्मभर कांहींच करीत नाहीं.

प्रथम प्रश्न : गांठ हाडाचीच काय?

आमच्या डॉक्टरांनीं यंत्राकडे जाण्यापूर्वीं बोटांनीं परीक्षा केली. वरची त्वचा चिमटींत धरून हलविली. त्वचा सरकली, गांठ सरकली नाहीं. त्वचेतील साधी गांठ त्वचेबरोबर हलते. हाडाची हलत नाहीं. मात्र येथेंही एक फसगत आहे. कपाळावर स्नायूच्या खालीं बसलेली चरबीची गांठ घट्ट व अचल लागते आणि तिला अनेकदां हाडाची गांठ समजलें जातें. म्हणून बोटांचा निर्णय हा प्राथमिक निर्णय होय, अखेरचा नव्हे.

ही परीक्षा चालली असतां आमचे वडील बंधु स्वतःचें डोकें चांचपीत होते. ‘डॉक्टर, माझ्याही डोक्याच्या मागें गांठ आहे,’ असें ते घाबरून म्हणाले. डॉक्टरांनीं हात लावून पाहिलें आणि हंसून सांगितलें, ‘ती गांठ मास्तरांच्याही डोक्याला आहे आणि माझ्याही.’ मानेचा बंध जेथें कवटीला जडतो तेथें हाडाचा नैसर्गिक उंचवटा असतो. पुरुषांत तो बहुधा अधिक ठळक असतो. कानामागचें टोकही तसेंच. अशा उंचवट्यांची ओळख नसल्यामुळें कित्येक लोक विनाकारण झोंप गमावतात.

चार मुख्य प्रकार

कवटीच्या सौम्य गांठींचे प्रकार पुष्कळ आहेत; त्यांतील चार येथें सांगतों.

पहिला प्रकार ऑस्टिओमा, म्हणजे वर सांगितलेली ‘अध्यस्थि’. कवटीच्या घुमटावरील मूळ सौम्य गांठींत हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. गांठ गुळगुळीत, हस्तिदंतासारखी कठीण व न दुखणारी असते, आणि अत्यंत संथपणें वाढते. सी.टी.च्या चित्रांत ती पांढरी शुभ्र व रेखीव कांठाची दिसते. कपाळाच्या हाडांतील हवेच्या पोकळींतही ती होते. तेथें बहुधा दुसऱ्याच कारणासाठीं काढलेल्या चित्रांत ती अवचित सांपडते. क्वचित् पोकळीची वाट अडून डोकें दुखणें, पू सांठणें किंवा डोळा पुढें ढकलला जाणें असे त्रास संभवतात. एक सूचना मात्र विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कवटीवर व जबड्यावर अशा गांठी अनेक असतील तर मोठ्या आंतड्याचीही तपासणी करवून घ्यावी. १९५० नंतरच्या दशकांत एल्डन गार्डनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं वर्णन केलेल्या एका आनुवंशिक विकारांत हाडांच्या गांठींबरोबर आंतड्यांत असंख्य कोंब येतात, आणि उपाय न केल्यास त्यांतून पुढें कर्करोग उद्भवतो. अशा वेळीं डोक्यावरची निरुपद्रवी गांठ ही पोटांतल्या खऱ्या संकटाची पूर्वसूचना ठरते.

दुसरा प्रकार हेमांजिओमा, म्हणजे हाडाच्या मधल्या थरांतील रक्तवाहिन्यांची गांठ. टॉयन्बी या इंग्रज डॉक्टरांनीं १८४५ सालींच कवटीच्या हाडांतील अशा गांठीचें वर्णन केलें होतें. शरीरांतील सर्व हाडांच्या गांठी धरल्या तर हा प्रकार शेंकडा एकाच्या आसपासच भरतो. त्यांतही पाठीचा कणा आणि कवटी हीं त्याचीं मुख्य स्थानें. मध्यम वयांत, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत, तो अधिक आढळतो. चित्रांत ही गांठ मधाच्या पोळ्यासारखी, किंवा सूर्यबिंबांतून किरण फुटावे तशी दिसते.

तिसरा प्रकार फायब्रस डिस्प्लेशिया. ही खरी गांठ नव्हे; हाड घडविणाऱ्या पेशींचाच दोष होय. निरोगी हाडाच्या जागीं तंतुमय व अर्धकच्चें हाड तयार होतें. लिक्टेनस्टाइन यांनीं १९३८ मध्यें हें नांव रूढ केलें. गर्भाच्या वाढींत एखाद्या पेशींतील एका विशिष्ट जनुकांत बदल घडतो, त्याचें हें फळ आहे. आईबापांकडून तें येत नाहीं आणि पुढच्या पिढीकडेही जात नाहीं. कुळाला दोष देण्याची किंवा मुलीच्या लग्नाच्या वेळीं कुजबुज करण्याची संवय असलेल्यांनीं हें वाक्य पुन्हा वाचावें. विकार बहुधा बालपणीं वा कुमारवयांत दिसूं लागतो, गालाचें किंवा कपाळाचें हाड एका बाजूस फुगतें, आणि पुष्कळदां वाढीचें वय संपल्यावर त्याचा जोर ओसरतो. चित्रांत हाड घांसलेल्या कांचेसारखें धूसर दिसतें. त्याबरोबर अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग किंवा मुलीला अकालीं ऋतुप्राप्ति अशीं लक्षणें असतील, तर अंतःस्रावी ग्रंथींचीही तपासणी लागते.

चौथा प्रकार एपिडर्मॉइड. गर्भावस्थेच्या आरंभींच्या आठवड्यांत त्वचेच्या कांहीं पेशी हाडांत अडकून राहतात, आणि त्या तेथेंच वर्षानुवर्षें आपलें त्वचेचें काम करीत पांढरा, मेणचट साका सांठवीत जातात. क्रुव्हेलिए या फ्रेंच शरीरवेत्त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अशा गांठींना मोत्यांची उपमा दिली होती. भोंवतालच्या हाडाला घट्ट, पांढरी कड आलेली दिसते. लहान मुलांच्या भुवईच्या बाहेरील टोकाशीं आढळणारी मऊ गांठ हिच्याच जवळची होय.

निदानाचा क्रम

निदान म्हणजे एखादें नांव घाईनें चिकटविणें नव्हे. शंका एकामागून एक क्रमानें काढून टाकणें होय. पहिलें साधन प्रश्नांचें. गांठ केव्हांपासून आहे, वाढ किती वेगानें झाली, दुखते का, रात्रीं अधिक दुखते का, पूर्वीं कर्करोग झाला होता का, ताप व वजन घटणें आहे का, हें सर्व डॉक्टर विचारतात. दुसरें साधन सी.टी.; त्यांत हाडाचे तिन्ही थर स्पष्ट दिसतात. तिसरें एम्.आर्.आय्.; त्यांत क्ष-किरण नसतात, आणि मेंदू, त्याचें वेष्टन व नसा यांच्याशीं गांठीचा संबंध कळतो. एपिडर्मॉइडची ओळखही त्यांतील एका विशेष पद्धतीनें चांगली पटते. इतक्यानेंही निश्चय न झाल्यास गांठीचा अंश काढून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात. मात्र रक्तवाहिन्यांच्या गांठींत सुई घातल्यास रक्तस्राव होऊं शकतो. म्हणून तुकडा काढावा कीं नाहीं, हें चित्रें पाहून शस्त्रवैद्यानेंच ठरवावयाचें असतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. कारण हें कीं, सौम्य गांठीचें सोंग घेणारे दुसरे रोग आहेत. उतारवयांत स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग कवटीच्या हाडांत उतरूं शकतो; मज्जेचा मायलोमा नांवाचा रोग हाडाला भोंकें पाडतो. मेंदूच्या वेष्टनाची गांठ वरचें हाड जाड करते, आणि बाहेरून ती ऑस्टिओमासारखी भासते. आपल्या देशांत क्षयरोगही क्वचित् कवटीला धरतो. तेथें लागतो तो मुख्यतः क्षयाच्या औषधांचा दीर्घ क्रम. लहान मुलांत लँगरहॅन्स पेशींच्या विकारानें हाडांत यंत्रानें पाडल्यासारखें भोंक पडतें. त्याचा उपचार वेगळा, आणि अशा मुलाचीं इतर हाडेंही तपासावीं लागतात.

उपचार : थांबणें, काढणें आणि जोडणें

पुष्कळ ऑस्टिओमांना व शांत झालेल्या डिस्प्लेशियाला उपचार एकच : लक्ष ठेवून थांबणें. हें हातावर हात ठेवून बसणें नव्हे. माप लिहून ठेवावें, छायाचित्र ठेवावें, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतरानें पुन्हा तपासणी करावी. मीं दोन वर्षांपूर्वीं जो सल्ला दिला तो शब्दांत असाच होता, परंतु त्याच्यामागें माप नव्हतें, तपासणी नव्हती, आणि पुन्हा विचारणेंही नव्हतें. म्हणून तो उपचार ठरला नाहीं; ती केवळ हयगय ठरली.

शस्त्रक्रिया केव्हां करावी? गांठ वाढत असेल, दुखत असेल, डोळा, कान किंवा मेंदू यांवर दाब येत असेल, निदान अनिश्चित असेल, किंवा चेहऱ्याच्या विद्रूपतेनें रोग्याचें मन खचत असेल तेव्हां. हें शेवटचें कारण क्षुल्लक मानूं नये. कपाळावरील लहान ऑस्टिओमा केंसांच्या आड छेद घेऊन दुर्बिणीच्या साहाय्यानेंही काढतां येतो. रक्तवाहिन्यांची गांठ भोंवतालच्या निरोगी हाडाच्या कडेसह अखंड काढतात. तिच्यांत खरडाखरडी केल्यास रक्तस्राव व पुनरुद्भव या दोहोंचें भय असतें. एपिडर्मॉइडची पिशवी संपूर्ण निघाली पाहिजे; राहिलेला अंश पुन्हा वाढतो. फायब्रस डिस्प्लेशियांत हाड आवश्यक तेवढें तासून आकार देतात. दृष्टि उत्तम असतां केवळ भीतीपोटीं दृष्टीच्या नसेभोंवतालचें हाड काढूं नये, असें आतांचें मत आहे. या विकारांत किरणोपचार वर्ज्य मानतात, कारण त्यानें सौम्य विकार घातक होण्याचा धोका वाढतो.

हाड काढल्यानें पडलेली मोठी पोकळी भरून काढावी लागते. त्यासाठीं टिटॅनियम धातूची जाळी, विशेष प्लॅस्टिक, किंवा रोग्याचेंच हाड वापरतात. पुरणपोळीचा दृष्टांत येथें पुन्हा उपयोगीं पडतो. कवटीच्या दुसऱ्या भागांतील हाडाचे दोन पापुद्रे अलग करून एकानें मूळ जागा झांकतात व दुसऱ्यानें नवी जागा बुजवितात.

घरच्यांनीं काय करावें

पुढील लक्षणें दिसतांच विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें : आठवड्यांत वा महिन्यांत झपाट्यानें वाढ; रात्रीं जागविणारी वेदना; दृष्टि मंद होणें, एकाचे दोन दिसणें किंवा डोळा पुढें येणें; ऐकूं कमी येणें; झटके येणें; ताप; एकाहून अधिक गांठी; किंवा पूर्वीं कर्करोग झालेला असणें. गांठ मऊ असेल, ठोके देत असेल, अथवा वांकल्यावर वा मूल रडल्यावर फुगत असेल, तर तिचा संबंध आंतील शिरांशीं असूं शकतो. मुलाच्या कपाळाच्या, नाकाच्या किंवा टाळूच्या मध्यरेषेवरील गांठीचा संबंध थेट मेंदूशींही असूं शकतो. अशा गांठींना सुई लावणें, त्या फोडणें वा दाबणें प्राणावर बेतेल. डाग देणें, तापते लेप लावणें, जोरानें चोळणें हे प्रकार कोणत्याही गांठीवर करूं नयेत. हाड चोळून जिरत नाहीं.

आमच्या सूनबाईच्या सी.टी.मध्यें मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसली. ‘हाड वाढलें असेल’ हें माझें निदान चुकलें, आणि ‘कर्करोगच’ हें वहिनींचेंही चुकलें. गांठ बहुधा हेमांजिओमा असावी, आंतला पापुद्रा शाबूत आहे, परंतु ती वाढत असल्यामुळें काढणें बरें, असें शस्त्रवैद्यांनीं सांगितलें. केंसांच्या आंत छेद घेऊन, निरोगी हाडाच्या कडेसह गांठ काढली व जागीं टिटॅनियमची जाळी बसविली. पांचव्या दिवशीं ती घरीं आली. सूक्ष्मदर्शकाच्या अहवालांत सौम्य हेमांजिओमाच निघाला, आणि घरानें त्या दिवशीं प्रथम सुटकेचा श्वास घेतला. ‘सौम्य’ हा शब्द तपासणीच्या अंतीं उच्चारावयाचा असतो, आरंभीं नव्हे, हें मला उतारवयांत शिकावें लागलें.

एका गोष्टीनें मात्र मन अजून टोंचतें. आजार लपविण्याची पाळी तिच्यावर यावी, इतकें आमचें भरलेलें घर तिला परकें कां वाटलें? मीं तिला तसें विचारलें. ती म्हणाली, ‘काका, परकें नाहीं वाटलें. तुम्हीं ‘राहूं दे’ म्हटलेंत, म्हणून राहूं दिलें.’ वडीलधाऱ्यांच्या शब्दाला घरांत वजन असतें हें आपण अभिमानानें सांगतों. तें वजन ज्यांच्या हातीं आहे, त्यांनीं शब्द टाकण्यापूर्वीं निदान वर्तमानपत्र खालीं ठेवून समोरच्या माणसाच्या कपाळाकडे एकदां पाहावें, एवढीच विनंति आहे.